आपला माणूस म्हणजे कोण?

मंडळाच्या कार्यक्रमात राजकारण नको, हा आपल्याकडचा जुना अलिखित नियम आहे, आणि तो शहाणपणाचाही आहे. गणपतीच्या आरतीला आपण शेजारी शेजारी उभे राहतो ते कुणी कुणाला मत दिलं हे न विचारता. पण हा नियम फक्त व्यासपीठापुरता. निवडणूक जाहीर झाली की जेवणाच्या रांगेत, मुलांच्या मराठी शाळेबाहेर आणि मुख्य म्हणजे व्हॉट्सॲपवर दुसरं काही बोललं जात नाही. तिथे फिरणारे संदेश साधारण एकाच साच्याचे असतात: ‘आपल्या लोकांनी या वेळी एकजुटीनं अमुक पक्षाला मत द्यावं.’

या वाक्यातला कुठला पक्ष बरोबर, याच्याशी या लेखाला कर्तव्य नाही. मला कुतूहल आहे ते त्यातल्या ‘आपल्या लोकांनी’ या दोन शब्दांचं. मत देताना आपण कुणाच्या वतीनं देतो? स्वतःच्या, कुटुंबाच्या, समाजाच्या, की ज्या गल्लीत आपण राहतो तिथल्या सगळ्यांच्या? आणि समाज म्हणून एकगठ्ठा मत देणं हे योग्य आहे का? हा प्रश्न राजकारणाचा कमी आणि नीतीचा जास्त आहे, म्हणून स्मरणिकेत त्याला जागा असावी असं वाटतं.

आधी थोडे आकडे पाहू. २०१० च्या निवडणुकीनंतर या देशातल्या अल्पसंख्याक मतदारांची पहिली मोठी, शास्त्रशुद्ध पाहणी झाली. सुमारे २८०० लोकांशी बोलून अभ्यासकांनी जे चित्र मांडलं त्यात अल्पसंख्याकांपैकी ६८ टक्क्यांनी लेबरला आणि अवघ्या १६ टक्क्यांनी काँझर्व्हेटिव्ह पक्षाला मत दिलं होतं. त्याच निवडणुकीत सबंध देशात लेबरला २९ आणि काँझर्व्हेटिव्हना ३६ टक्के मतं होती. म्हणजे एकाच देशात दोन वेगळ्या निवडणुका झाल्यासारखं वाटावं! भारतीय मतदार त्या वेळीही थोडे वेगळे होते, पण त्यांच्यातही सुमारे ६१ टक्के लेबरकडेच होते. स्वतःचं घर, पांढरपेशी नोकरी, मुलं ग्रामर स्कूलमध्ये, असं असूनही. इंग्रज माणसाच्या मताचा अंदाज त्याच्या घरावरून आणि पगारावरून जितका बांधता यायचा तितका आपल्या माणसाच्या मताचा बांधता येत नसे.

नंतर हे चित्र बदलू लागलं. कार्नेगी संस्थेने २०२१ मध्ये ब्रिटिश भारतीयांची पाहणी केली तेव्हा दहापैकी चार जण स्वतःला लेबरचे आणि तीन जण काँझर्व्हेटिव्हचे म्हणवत होते. शीख आणि मुसलमान भारतीय लेबरकडे अधिक झुकलेले, हिंदू आणि ख्रिस्ती काँझर्व्हेटिव्हकडे. आणि आपल्या हॅरोची गोष्ट तर जगावेगळी. २०२१ च्या जनगणनेनुसार इथले सुमारे २६ टक्के लोक हिंदू, हे इंग्लंड आणि वेल्समधलं सर्वांत मोठं प्रमाण. २०२४ च्या निवडणुकीत काँझर्व्हेटिव्ह पक्ष देशभर २४ टक्क्यांच्या खाली घसरला. पण हॅरो ईस्टमध्ये बॉब ब्लॅकमन यांना ५३ टक्के मतं मिळाली. त्या पक्षाला निम्म्याहून अधिक मतं मिळाली असा देशातला हा एकमेव मतदारसंघ. तिकडे लेस्टर ईस्टमध्ये शिवानी राजा यांनी लेबरची पिढीजात जागा जिंकली. त्या निवडणुकीत लेबरकडून काँझर्व्हेटिव्ह पक्षाकडे गेलेली ती एकमेव जागा.

म्हणजे वीस वर्षांपूर्वी आपण सगळ्यांपेक्षा वेगळे होतो, आणि आता आपण उलट्या दिशेनं वेगळे होत आहोत! वेगळं असण्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की हे वेगळेपण विचार करून आलेलं आहे की सवयीनं.

एकगठ्ठा मतदानाच्या बाजूनं पहिला मुद्दा मांडला जातो तो कृतज्ञतेचा. ‘ज्यांनी आपल्याला आसरा दिला त्यांना विसरू नये.’ ऐकायला छान, पण इतिहास इतका सरळ नाही. वंशभेदाविरुद्धचे १९६५, १९६८ आणि १९७६ चे तिन्ही कायदे लेबरने केले. पण केनियातल्या ब्रिटिश पासपोर्टधारक आशियाई लोकांना दार बंद करणारा १९६८ चा कायदाही लेबरनेच, तीन दिवसांत घाईघाईनं, मंजूर केला. आणि १९७२ मध्ये ईदी अमीनने हाकललेल्या सुमारे २८ हजार युगांडावासी आशियाई लोकांना या देशात घेतलं ते एडवर्ड हीथ यांच्या काँझर्व्हेटिव्ह सरकारने, स्वतःच्याच पक्षातल्या पॉवेलपंथीयांचा विरोध पत्करून. त्याच वर्षी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, ‘आमच्याकडे येऊ नका.’ आज तेच शहर त्या लोकांचा अभिमान बाळगतं. तेव्हा उपकारांची वही उघडली तर जमा आणि खर्च दोन्ही बाजूंना सापडेल. शिवाय मत म्हणजे उपकाराची परतफेड, हा हिशेब मला मुळातच पटत नाही. ज्यांनी ते उपकार केले ते राजकारणी गेले. आज उभा असलेला उमेदवार उद्या काय करणार, हे पाहायचं असतं.

दुसरा मुद्दा ‘आपल्या माणसा’चा. इथे आपल्याला अभिमान वाटावा असा, पण अडचणीत टाकणाराही, एक इतिहास आहे. ब्रिटनच्या संसदेत गेलेले पहिले तिन्ही हिंदी खासदार मुंबईशी नातं असलेले पारशी होते. एल्फिन्स्टन कॉलेजात प्राध्यापक असलेले दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून लिबरल पक्षातर्फे अवघ्या पाच मतांनी निवडून आले. त्याआधी, १८८८ मध्ये, पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी जाहीर सभेत अशी शंका काढली होती की इंग्रज मतदार ‘काळ्या माणसाला’ निवडून देतील का. १८९५ मध्ये मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून काँझर्व्हेटिव्ह म्हणून जिंकले आणि १९२२ मध्ये शापूरजी सकलातवाला बॅटरसीतून. यांतल्या एकाच्याही मतदारसंघात हिंदी मतं नावालाही नव्हती. त्यांना निवडून दिलं ते इंग्रज कारागिरांनी, दुकानदारांनी, कामगारांनी. ‘हा आपला माणूस’ असं त्या मतदारांना वाटलं ते कातडी पाहून नव्हे, तर आयर्लंडचा प्रश्न, मजुरी, घरभाडं यांवर हा माणूस काय म्हणतो ते ऐकून.

आणि यातला दुसरा धडा असा की दादाभाई आणि भावनगरी हे दोघंही ‘आपले’, पण भारताविषयी त्यांची मतं एकमेकांच्या विरुद्ध. हिंदी राष्ट्रवाद्यांना भावनगरी इतके सरकारधार्जिणे वाटत की त्यांच्या नावाचा इंग्रजीत कोटी करून ‘वाका आणि हो म्हणा’ असा अर्थ लावला जाई. आडनाव ओळखीचं असलं म्हणजे विचार ओळखीचे असतीलच असं नाही, हे सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे. २०२४ मध्ये लेस्टर ईस्टला दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार भारतीय वंशाचे होते. हॅरो ईस्टला ब्लॅकमन यांच्या विरुद्ध लेबरचे उमेदवार प्रिमेश पटेल होते. ‘आपला माणूस’ हे सूत्र तिथे काय उत्तर देणार? मतदारांना शेवटी दुसरं काहीतरी पाहूनच ठरवावं लागलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, ऋषी सुनक पक्षाचे नेते आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधान झाले तेव्हा ज्यांनी त्या पक्षाला कधी मत दिलं नव्हतं त्यांनीही त्या रात्री पणती लावताना जरा जास्त तेल घातलं असेल. तो आनंद खराच होता आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. आपली मुलं या देशात कुठवर जाऊ शकतात, याचं ते उत्तर होतं. पण आनंद होणं वेगळं आणि मत देणं वेगळं. शेजारच्या मुलाच्या लग्नात आपण मनापासून नाचतो, म्हणून आपली मिळकत त्याच्या नावावर करत नाही.

आता जरा आरशात पाहू. व्ही. के. कृष्ण मेनन हे नाव आपल्या आईवडिलांच्या पिढीला चांगलं माहीत आहे. १९३४ पासून १९४७ पर्यंत ते लंडनच्या सेंट पॅन्क्रस भागाचे नगरसेवक होते. मल्याळी माणूस, लंडनचा मतदार, आणि तरी तिथल्या लोकांनी त्यांना आपलं मानलं. पुढे त्या बरोने त्यांना मानाचं नागरिकत्वही दिलं. हेच मेनन १९५७ आणि १९६२ मध्ये मुंबईतून लोकसभेवर गेले. १९६७ मध्ये काँग्रेसनं तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष उभे राहिले तेव्हा, नुकत्याच स्थापन झालेल्या शिवसेनेनं ‘हा बाहेरचा’ म्हणून त्यांच्याविरुद्ध प्रचार केला, काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांना पाठिंबा दिला, आणि मेनन पडले. बर्वे कर्तबगार प्रशासक होते. त्यांना मत देणाऱ्या सगळ्यांनीच आडनाव पाहून मत दिलं, असं मी म्हणणार नाही. संरक्षणमंत्री म्हणून मेनन यांच्या कारभारावर नाराज व्हायला १९६२ चं चीन युद्ध हे कारण पुरेसं होतं. पण ‘बाहेरचा’ हा मुद्दा प्रचारात होता, हेही खरं.

लंडनला जो चालला तो मुंबईला परका ठरला, ही गोष्ट आपण कुठल्या बाजूला उभं राहून वाचायची? मुंबईत असताना ‘हे बाहेरून आलेले लोक एकगठ्ठा मतं देतात’ अशी तक्रार करणारे आपणच. इथे येऊन ‘आपण एकगठ्ठा मतं दिली पाहिजेत’ म्हणणारेही आपणच. आणि बेळगावात तर आपणच भाषिक अल्पसंख्याक. तिथे महाराष्ट्र एकीकरण समितीला मत देणं हे अनेक दशकं मराठी माणसाचं कर्तव्य मानलं गेलं. आपल्याला ते कधी ‘व्होट बँक’ वाटलं नाही, अस्मितेची लढाई वाटली. पण तिथेही २०१८ आणि २०२३ च्या विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. आपसातली फूट हे एक कारण. दुसरं असं की मराठी घरातल्या अनेकांनी भाषेपलीकडचे प्रश्न पाहून राष्ट्रीय पक्षांना मतं दिली. ते सगळे मराठीशी बेइमान झाले असं म्हणणं मला जड जातं.

एकगठ्ठा मत बहुसंख्याकांनी दिलं की त्याला जनमत म्हणायचं आणि अल्पसंख्याकांनी दिलं की व्होट बँक, हा अन्याय आहे, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. अस्मितेचं राजकारण हा स्थलांतरितांनी विमानातून आणलेला रोग नव्हे. उत्तर आयर्लंडमध्ये पिढ्यान् पिढ्या लोक पंथ पाहून मत देत आले. खाणकामगारांच्या गावात लेबर सोडून दुसऱ्याला मत देणं म्हणजे वाळीत पडणं होतं. आणि लहान समाजानं एकत्र बोललं नाही तर त्याचं ऐकतं कोण? सरकारी खर्चानं चालणारी देशातली पहिली हिंदू शाळा २००८ मध्ये आपल्याच हॅरोमध्ये सुरू झाली. ख्रिस्ती आणि ज्यू शाळांना जे मिळत होतं तेच मागितलं गेलं. यात कुणाचं काही हिरावलं नाही. अशी मागणी समाज म्हणून करण्यात मला काहीच गैर दिसत नाही.

मग रेघ कुठे ओढायची? मला वाटतं, इथे आपल्याला बाबासाहेबांकडे जावं लागतं. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं ते १९३२ साल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले, गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभलं आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्रांतिक विधिमंडळांतल्या राखीव जागा मात्र ७१ वरून १४८ झाल्या. बाबासाहेबांचं म्हणणं असं होतं की संयुक्त मतदारसंघात आमच्यातला जो माणूस बहुसंख्याकांना सोयीचा तोच निवडून येईल. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईच्या राखीव जागेवर ते स्वतः पराभूत झाले आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर विजयी झाले. काजरोळकरही दलित समाजातलेच होते.

यातून मला दिसणारी गोष्ट अशी. समाजाचा माणूस निवडला जाणं आणि समाजाचं म्हणणं मांडलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ‘समाज’ म्हणतो तेव्हा त्यातल्या नेमक्या कुणाचं म्हणणं, हा तिसरा प्रश्न. या देशात तो अलीकडेच उभा राहिला. समानता कायद्यात जातिभेदाचा उल्लेख असावा की नसावा यावर अनेक वर्षं वाद झाला. २०१३ मध्ये संसदेनं तशी तरतूद करण्याचं बंधन सरकारवर घातलं. २०१८ मध्ये सरकारनं ती करणार नाही असं जाहीर करून विषय न्यायालयांच्या निकालांवर सोपवला. अनेक हिंदू संस्थांनी या तरतुदीला विरोध केला. त्यामुळे सगळ्या समाजाकडे संशयानं पाहिलं जाईल, असं त्यांचं म्हणणं. आंबेडकरवादी आणि रविदासिया संस्थांनी तिची मागणी केली. आता सांगा, यात ‘आपल्या समाजाचं मत’ कुठलं? ज्यांचा आवाज मोठा, ज्यांच्याकडे सभागृह आहे, ज्यांचे खासदारांशी संबंध आहेत त्यांचं? कायद्याविषयी आपलं मत काहीही असो, एकगठ्ठा मताचा धोका इथे उघडा पडतो. गठ्ठा बांधणारा एक असतो, आणि गठ्ठ्यात दबलेले बरेच असतात. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रातून आलेल्यांना हे निराळं सांगायला नको.

तिसरा मुद्दा मायदेशातल्या वादांचा. सप्टेंबर २०१९ मध्ये लेबरच्या अधिवेशनात काश्मीरविषयी ठराव झाला आणि डिसेंबरच्या निवडणुकीपर्यंत आपल्या फोनवर त्याचेच पडसाद उमटत होते. २०२४ मध्ये गाझाच्या प्रश्नावरून लेस्टर साउथ, ब्लॅकबर्न, बर्मिंगहॅम पेरी बार, ड्यूजबरी या ठिकाणी लेबरचे उमेदवार अपक्षांकडून पडले. यातलं एक आपल्याला देशप्रेम वाटतं आणि दुसरं कट्टरपणा, किंवा शेजाऱ्याला उलटं वाटतं. परराष्ट्र धोरण हा निवडणुकीचा रास्त विषय आहे. दूरच्या माणसाच्या दुःखानं आपलं मत बदलणं हे तर माणुसकीचं लक्षण. पण ज्या दवाखान्यात, शाळेत, बसमध्ये आपण रोज जातो त्यांच्याविषयी एक शब्द न विचारता केवळ दूरच्या भांडणाचा हिशेब इथल्या मतपेटीत चुकता करायचा, हे इथल्या शेजाऱ्यावर अन्याय करणारं आहे. त्या मताचे परिणाम तोही भोगणार असतो.

जॉन स्टुअर्ट मिल हा तत्त्वज्ञ १८६१ च्या आपल्या ग्रंथात म्हणतो की मत ही मतदाराची खाजगी मालमत्ता नसून सर्वांनी त्याच्याकडे ठेवलेली ठेव आहे. यावरून तो गुप्त मतदानालाच विरोध करतो: ठेवीचा हिशेब चारचौघांत द्यायला लाज कसली? ते त्याचं म्हणणं पुढे टिकलं नाही. १८७२ मध्ये कायद्यानं गुप्त मतदान आलं आणि दुबळ्या माणसाला मालकाच्या, सावकाराच्या धाकातून त्यानंच सोडवलं. आज ते समाजाच्या पुढाऱ्यांच्या धाकातूनही सोडवतं. पण मिलच्या विचारातला गाभा मला मोलाचा वाटतो. मत गुप्त असावं, त्यामागचं कारण मात्र उघड सांगता येईल असं असावं. पिनर व्हिलेजमधल्या माझ्या इंग्रज, आयरिश किंवा पाकिस्तानी शेजाऱ्यापुढे ‘मी अमुक कारणासाठी मत दिलं’ असं मान वर करून सांगता येतं का? ‘माझ्या मुलांना त्यांच्या मुलांइतकीच संधी हवी’ हे सांगता येतं. ‘कर कमी हवा’ हेही सांगता येतं. ‘त्यांच्या लोकांना धडा शिकवायचा होता’ हे सांगता येत नाही. ही कसोटी सोपी आहे, पण तिच्यातून बरंच काही गाळलं जातं.

याच कसोटीला लावून पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे इमिग्रेशन. २०१६ च्या जनमत चाचणीत, मतदानाच्या दिवशी झालेल्या लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्या पाहणीनुसार, सुमारे दोन तृतीयांश आशियाई मतदार युरोपात राहण्याच्या बाजूचे होते, देशाचा कौल ५२ विरुद्ध ४८ असा बाहेर पडण्याचा. म्हणजे आपल्यातल्या एक तृतीयांशांनी बाहेर पडायला मत दिलं, आणि त्यांची स्वतःची कारणं होती. येणाऱ्यांची संख्या मर्यादित असावी असं म्हणणं पाप नाही. पण विरार लोकलमध्ये चढेपर्यंत ‘अहो, आत सरका’ आणि चढल्यावर ‘आता जागा नाही’ हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. नियम कडक असावेत असं ज्याला वाटतं त्यानं, आपण आलो तेव्हा तेच नियम असते तर ते आपण न्याय्य मानले असते का, एवढं स्वतःला विचारावं.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, कारण वर केलेला सगळा विचार यादीत नाव असलेल्यांसाठीच आहे. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर इथे रीतसर राहणाऱ्या प्रौढांना संसदेच्या निवडणुकीतही मताचा अधिकार आहे. नुकते वर्क व्हिसावर आलेले आपले तरुण, विद्यार्थी, यांतल्या अनेकांच्या हे गावीही नसतं. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवण्याचा नियम २०२३ मध्ये लागू झाला, त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. उलट ब्रिटिश नागरिक होऊन ओसीआय कार्ड घेतलेल्यांना भारतात मत नाही. तेव्हा तिकडच्या निवडणुकीवर रात्री दोनपर्यंत वाद घालणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचं खरं मत फक्त इथेच आहे. २०१० च्या त्या पाहणीतही हेच दिसलं होतं: यादीत नाव असलेले अल्पसंख्याक इतरांइतक्याच उत्साहानं मत देतात. कमी पडतात ते नाव नोंदवण्यात.

मंडळानं कुणाला मत द्या हे कधीच सांगू नये. पण नाव नोंदवा, सर्व पक्षांच्या उमेदवारांना एका व्यासपीठावर बोलवा, आणि त्यांना शाळांबद्दल, दवाखान्यांबद्दल, घरांबद्दल प्रश्न विचारा, एवढं जरूर सांगावं. आपली मुलं तिथे मागच्या रांगेत बसलेली असतील. आपण उमेदवाराला त्याचं आडनाव विचारतो की त्याचं काम, हे ती ऐकत असतील, आणि ‘आपला माणूस’ या शब्दांचा अर्थ त्यातूनच शिकतील.